कोब्यावर इपॉक्सीचा लेप : आधीं जमिनीची परीक्षा

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या तालुक्यांत मातीचीं घरें जाऊन सिमेंट-काँक्रिटचीं घरें उभीं राहिलीं. ओसरी, माजघर, धान्याची खोली, खतांची कोठी या ठिकाणीं शेणसारवणाच्या जमिनीची जागा कोब्यानें किंवा फरशीनें घेतली. कोबा टणक खरा. परंतु तो झिजतो, त्याची धूळ निघते, त्यावर सांडलेलें तेल व फवारणीचें औषध आंत मुरतें, आणि त्याच्या भेगांत अडकलेल्या दाण्यांवर किडीचें आयतेंच पोषण होतें. दवाखाने, औषधांचे कारखाने, मोटारींचीं दुकानें यांतील आरशासारखी जमीन पाहून, असा लेप आपल्या घरीं कां देऊं नये, असें शेतकरी बंधु विचारूं लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर या पाठांत क्रमानें देण्याचें योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे. या कामांत जें द्रव्य वायां जातें, तें बहुधा लेप वाईट होता म्हणून नव्हे, तर जमीन न पाहतां लेप दिला म्हणून वायां जातें. शेत खरेदी करण्यापूर्वीं आपण सात-बाराचा उतारा पाहतों, चतुःसीमा पाहतों, बोजा आहे कीं काय तें तपासतों, आणि मग पैसे मोजतों. कोब्याचाहि एक बोजा असतो. तो म्हणजे खालून येणारी ओल. तो डोळ्यांस दिसत नाहीं, आणि एकदां लेपाखालीं झांकला गेला म्हणजे लेप फुगून उठेपर्यंत कोणास कळत नाहीं.

१. लेप म्हणजे काय

इपॉक्सी हा साध्या अर्थानें रंग नव्हे. चुना हवेंतील वायु शोषून घट्ट होतो, तेलरंगहि हवेच्या योगानें वाळतो; इपॉक्सीचें तसें नाहीं. त्याचे दोन भाग असतात : एक रेझिन म्हणजे कृत्रिम राळ, व दुसरा हार्डनर म्हणजे तिला घट्ट करणारें द्रव्य. दोन्ही वेगळे असेपर्यंत पातळ राहतात. एकत्र होतांच त्यांचा रासायनिक संयोग सुरू होतो, उष्णता निघते, आणि कांहीं तासांत त्यांचा एकजीव, कठीण व पुन्हां न वितळणारा पदार्थ बनतो. मोडलेली वस्तु सांधण्यासाठीं दोन नळ्यांचें जें अराल्डाइट घरोघर वापरतात, तें याच जातीचें होय. स्वित्झर्लंडांत पियेर कास्तां या रसायनशास्त्रज्ञानें १९३८ च्या सुमारास या राळेचा शोध लावला. अमेरिकेंत सिल्व्हन ग्रीनली यानेंहि तिजवर काम केलें. आणि १९४६ सालीं अराल्डाइट या नांवानें ती लोकांपुढें आली.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, दोन भागांचें प्रमाण ठरलेलें असतें. लवकर वाळावें म्हणून हार्डनर अधिक घातला तर लेप लवकर वाळत नाहीं, उलट चिकट किंवा ठिसूळ राहतो. दुसरी, हा लेप मुळांत चिकटविणारा पदार्थ आहे. तो ज्यावर बसेल त्याला घट्ट धरतो. धुळीवर बसला तर तो धुळीला धरतो, आणि धूळ कोब्याला धरीत नाहीं.

२. आपली काळी जमीन व ओल

शिंदखेडा तालुका बुराई, पांझरा व तापी यांच्या खोऱ्यांत आहे. पांझरा मुडावदजवळ तापीस मिळते. या भागांत बेसाल्ट खडकापासून झालेली काळी जमीन पुष्कळ आहे. कापसास ती उत्तम. पण घराच्या पायास तीच अवघड. तिच्यांतील चिकणमाती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून तडकते. ज्या घराखालची काळी माती काढून मुरूम भरलेला नाहीं, त्या घराचा कोबा दर सालीं थोडा उचलतो व थोडा बसतो, आणि बुजविलेल्या भेगा पुन्हां उघडतात. इपॉक्सीचा लेप ताठ असतो. हलणारी भेग तो धरून ठेवूं शकत नाहीं. ती लेपावर त्याच रेषेनें उमटते.

ओलीची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. काँक्रिट दगडासारखें दिसलें तरी त्यांत केसाहून बारीक छिद्रें असतात. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसा कोबा खालच्या मातींतील पाणी वर ओढतो. उघड्या कोब्यावरून त्याची वाफ होऊन जाते, म्हणून जमीन आपणांस कोरडी भासते. तिजवर लेप बसला कीं वाफेची वाट बंद होते. पाणी लेपाच्या तळाशीं सांचतें, आपल्याबरोबर आणलेले क्षार तेथें सोडतें, आणि कांहीं काळानें लेपावर फोड उठतात. फोड फोडला तर आंत पाणी निघतें व लेप पापुद्र्यासारखा सुटून हातांत येतो. मग दुकानदार रंगाऱ्याकडे बोट दाखवितो, रंगारी गवंड्याकडे दाखवितो, आणि पैसा मालकाचा जातो.

३. ओलीची परीक्षा

ही परीक्षा सोपी असून तीस खर्च जवळ जवळ नाहीं. १८ इंच लांब व १८ इंच रुंद असा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्यावा. कोबा झाडून पुसून तो कोरडा झाल्यावर तुकडा त्यावर पसरावा, आणि आंत-बाहेर हवा जाणार नाहीं अशा बेतानें चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या. किमान १६ तास, सोयीसाठीं एक अहोरात्र, तो तसाच राहूं द्यावा. त्यावर ऊन पडूं देऊं नये. नंतर उचलून पाहावें. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले, अथवा खालचा कोबा भोवतालच्या कोब्याहून काळपट दिसला, तर ओल वर येत आहे असें समजावें. एका खोलींत निदान तीन जागीं ही परीक्षा करावी : मध्यभागीं, बाहेरच्या भिंतीलगत, आणि मोरीच्या किंवा पाण्याच्या टाक्याच्या बाजूस. भिंतीच्या पायथ्याशीं किंवा कोब्यावर लोण्याची पांढरी भुकटी फुटत असेल, तर ती ओलीची साक्षच होय.

आतां ही परीक्षा केव्हां करावी, हा खरा मुद्दा आहे. पुष्कळ लोक उन्हाळ्यांत, शेतीचीं कामें नसतांना, घराचीं कामें काढतात. वैशाखांत आपल्याकडे जमीन खोलवर सुकलेली असते. तेव्हां प्लॅस्टिकखालीं थेंबहि दिसत नाहीं व मालक निश्चिंत होतो. परंतु तो निकाल उन्हाळ्याचा असतो. तोच कोबा श्रावण-भाद्रपदांत निराळी साक्ष देतो. म्हणून परीक्षा पावसाळा सरतांना, भाद्रपद-आश्विनांत, जमिनींत पाणी भरपूर असतांना करावी. घरालगत बागाईत असेल तर रब्बीच्या पाण्याची पाळी चालू असतांना ती पुन्हां करावी. पावसाळ्यांत परीक्षा व हिवाळा सरतांना लेप, हा क्रम धरला असतां चार-पांच महिने थांबावें लागतें, पण पैसा वांचतो. लेप देण्यापूर्वीं ती आणखी एकदां करावी. रंगाऱ्याजवळ ओल मोजण्याचें यंत्र असल्यास त्याचाहि उपयोग करावा. पुष्कळ मालांस ओलीची मर्यादा वजनाच्या शेंकडा ४ सांगितलेली असते.

परीक्षेंत ओल दिसली तर लेपाचा विचार तूर्त सोडावा. आधीं छपराचें पाणी भिंतीपासून दूर काढावें, मोरीची गळती बंद करावी, अंगणाचा उतार घराबाहेर करावा, आणि पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां पाहावें. तरीहि ओल राहिली तर कोबा उघडाच ठेवणें बरें. उघडा कोबा निदान ओल बाहेर टाकतो. ज्यांस नवीनच जमीन करावयाची आहे त्यांनीं काळी माती काढून मुरूम भरून ठोकावा, वर वाळूचा थर द्यावा, त्यावर २५० मायक्रॉन म्हणजे १००० गेजचा प्लॅस्टिकचा अखंड कागद, जोडाच्या ठिकाणीं एकावर एक घेऊन, अंथरावा व मग काँक्रिट करावें. हा कागद काँक्रिट ओतण्यापूर्वींच घालतां येतो. नंतर कितीहि पैसा खर्चला तरी तो खालीं सरकवितां येत नाहीं.

४. कोठें द्यावा व कोठें देऊं नये

खतांची व औषधांची कोठी ही या लेपास सर्वांत योग्य जागा आहे. अमोनियाचे क्षार असलेलीं खतें काँक्रिट खातात, व सांडलेलें औषध कोब्यांत मुरलें कीं निघत नाहीं. लेपावरून तें पुसून काढतां येतें. दूध गोळा करण्याची खोली व अवजारांची खोली याहि योग्य. धान्याच्या खोलींत भेगा बुजल्यामुळें खापरा भुंगेरा व इतर किडींची लपण्याची जागा नाहींशी होते, हा मोठा लाभ आहे. परंतु जमिनीचा सामान्य लेप अन्नाशीं स्पर्श होण्यासाठीं केलेला नसतो. म्हणून धान्य त्यावर मोकळें ओतूं नये. पोतीं लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीं.

गोठ्यांत हा लेप देऊं नये. ओल्या गुळगुळीत जमिनीवर जनावराचा खूर घसरतो, आणि घसरून पडलेली दुभती म्हैस लेपाच्या किमतीहून फार महाग पडते. उघड्या अंगणांत, गच्चीवर, किंवा दोंडाईचा-नंदुरबारकडे मिरची वाळविण्याचें जें उघडें आवार असतें त्यावरहि देऊं नये. उन्हानें हा लेप पिवळा पडतो व त्याची भुकटी निघूं लागते. चुलीजवळ व तापलेलीं भांडीं टेकण्याच्या जागीं देऊं नये. सामान्य लेप साठ अंशांच्या आसपासच मऊ होऊं लागतो. ट्रॅक्टर उन्हांतून आणून तापल्या चाकांनिशीं उभा करण्याची जागाहि टाळावी. तापलेलें रबर लेप उचलून घेतें. मोरीजवळ किंवा वृद्ध माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर द्यावयाचाच असेल, तर ओल्या थरावर बारीक कोरडी वाळू पेरून तो खरखरीत करावा.

५. कोब्याची तयारी

नवा कोबा निदान २८ दिवसांचा झाल्याशिवाय त्यास हात लावूं नये. जाड काँक्रिट आंतून सुकण्यास याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, सबब २८ दिवस झाले तरी परीक्षा चुकत नाहीं. कोब्याच्या पृष्ठावर दुधाच्या सायीप्रमाणें सिमेंटचा एक पातळ, ठिसूळ थर आलेला असतो. तो काढल्याशिवाय लेप टिकत नाहीं. घासण्याच्या यंत्रानें तो काढून पृष्ठ बारीक पॉलिश-कागदासारखें खरखरीत करावें. तेलाचे डाग साबणाच्या गरम पाण्यानें पुन्हां पुन्हां धुवावे. खोल मुरलेले डाग खोदून काढून ती जागा भरावी. मग पाण्याचे चार थेंब निरनिराळ्या जागीं टाकून पाहावे. थेंब मिनिटाभरांत मुरले तर कोबा तयार आहे. मोत्यासारखे वरच राहिले तर तेल, मेण किंवा जुना रंग शिल्लक आहे.

कित्येक लोक घासण्याऐवजीं कोबा तेजाबानें, म्हणजे ॲसिडनें, धुतात. त्यानें जमीन पुन्हां पाण्यानें भिजते व क्षार मागें राहतात. म्हणून आमच्या मतें घासणेंच चांगलें. ज्यास तेजाब वापरणें भागच असेल त्यानें पाण्यांत तेजाब ओतावें, तेजाबांत पाणी कधींहि ओतूं नये. आणि ब्लीचिंग पावडर तर जवळहि आणूं नये, कारण दोहोंच्या संयोगानें विषारी क्लोरीन वायु सुटतो.

भेग मेलेली आहे कीं जिवंत, हेंहि पाहावें. कांचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी घट्ट चिकटवून एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊं द्यावा. पट्टी शाबूत राहिली तर भेग इपॉक्सी व वाळूच्या लगद्यानें भरावी. पट्टी तडकली तर भेग हलती आहे. ती लवचीक पदार्थानें भरून सांधा म्हणून मोकळी ठेवावी, तिजवरून लेप ओढूं नये.

६. हंगाम व वेळ

पावसाळ्यांत हवा ओली म्हणून काम करूं नये. वैशाखांत उष्णतामान ४२ अंशांवर जातें, तेव्हां मिश्रण हातांतच घट्ट होतें. स्थूल मानानें, उष्णता १० अंशांनीं वाढली कीं मिश्रण हातांत राहण्याचा काळ निम्मा होतो. २५ अंशांवर जें ४० मिनिटें राहतें तें ३५ अंशांवर २० मिनिटेंच राहतें. पौषांतील रात्री अति थंड. तेव्हां संयोग मंदावतो व पृष्ठावर चिकट, तेलकट पापुद्रा येतो. म्हणून आपल्याकडे फेब्रुवारीचा महिना सर्वांत सोयीचा. लेप देतांना जमिनीचें उष्णतामान दंव पडण्याच्या बिंदूहून निदान ३ अंश सेल्सिअस अधिक असावें. काम दुपार कलल्यावर सुरू करावें. सकाळीं जमीन तापत असतां तिच्या छिद्रांतील हवा फुगून वर येते व लेपांत बुडबुडे राहतात. दुपारनंतर जमीन निवूं लागली कीं हा त्रास होत नाहीं. सायंकाळ होण्याच्या आंत काम संपवावें.

७. मालाचा हिशेब

एक लिटर द्रव १ मिलिमीटर जाडीनें पसरला तर १ चौरस मीटर जागा व्यापतो. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे कोणी फसवूं शकत नाहीं. समजा, खोली १२ फूट रुंद व १५ फूट लांब आहे. क्षेत्र १८० चौरस फूट, म्हणजे सुमारें १६.७ चौरस मीटर. प्रत्येकीं १५० मायक्रॉनचे दोन हात द्यावयाचे तर एकूण जाडी ०.३ मिलिमीटर. १६.७ गुणिलें ०.३ म्हणजे ५ लिटर. नुकसानीसाठीं दशांश धरून साडेपांच लिटर. हा हिशेब शुद्ध, पाणी किंवा थिनर न मिसळलेल्या मालाचा. डब्यांतील घन अंश आकारमानानें शेंकडा ५० असेल तर निम्मा भाग उडून जातो, व तेवढ्याच जाडीस ११ लिटर लागतात. म्हणून दोन डब्यांच्या किमतींची तुलना करतांना घन अंश अवश्य विचारावा. स्वस्त डबा पुष्कळदां यामुळेंच स्वस्त असतो. आरंभींचा मुरणारा हात, ज्यास प्रायमर म्हणतात, तो वेगळा धरावा.

८. लेपाची कृति

सर्व खोलीस हात घालण्यापूर्वीं एका कोपऱ्यांत २ फूट चौरस जागेवर लेप देऊन आठ दिवसांनीं सुरीनें खरवडून पाहावें. लेपाबरोबर काँक्रिटचे कण निघाले तर पकड चांगली. लेप एकटाच सुटला तर तयारी अपुरी.

मुख्य कामाच्या दिवशीं जमीन झाडून, शक्य तर यंत्रानें धूळ ओढून घ्यावी. मिश्रण थोडें थोडें करावें. पत्रकांत प्रमाण वजनाचें आहे कीं मापाचें, हें नीट वाचावें. दोन्ही एक नव्हेत. सावकाश तीन मिनिटें ढवळावें, भांड्याच्या कडा व तळ खरवडावे, मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यांत ओतून पुन्हां ढवळावें. पहिल्या भांड्याच्या तळाशीं न मिसळलेला माल राहतो व तोच पुढें चिकट डाग म्हणून उमटतो. ढवळलेलें मिश्रण लागलीच जमिनीवर पट्ट्यांनीं ओतून रोलरनें पसरावें. बादलींत सांठवून ठेवलें तर आंतल्या उष्णतेनें तें तापून धुरावूं लागतें. दाराच्या समोरच्या भिंतीपासून आरंभ करून दाराकडे मागें मागें यावें. दुसरा हात पत्रकांत सांगितलेल्या वेळेच्या आंत, बहुधा २४ तासांच्या आंत, द्यावा. उशीर झाला तर पहिला थर कागदानें घासून मगच द्यावा. एक दिवसानें अनवाणी चालतां येतें. जड सामान व पाणी यांस निदान सात दिवस मज्जाव असावा.

९. शरीराचें रक्षण

वाळलेला लेप निरुपद्रवी असतो. ओला तसा नसतो. रेझिन व हार्डनर यांचा कातडीस वारंवार स्पर्श झाला तर कित्येकांस खाज, पुरळ व सूज येते; आणि एकदां हा दोष जडला कीं पुढें थोड्याशा स्पर्शानेंहि तो उठतो व सहसा जन्मभर जात नाहीं. तो माणूस पुन्हां हें काम करूं शकत नाहीं. म्हणून नायट्राइल रबराचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व डोळ्यांस चष्मा अवश्य असावा. हातास माल लागला तर साबणपाण्यानें धुवावा, थिनरनें धुवूं नये. थिनर तो कातडींत अधिक मुरवितो. खिडक्या-दारें उघडीं ठेवावीं. थिनर असलेला माल असेल तर विडी, दिवा व चूल दूर ठेवावीं. मुलें, गरोदर स्त्रिया व दम्याचे रोगी यांस लेप पूर्ण घट्ट होईपर्यंत त्या खोलींत येऊं देऊं नये.

कोबा घासतांना उडणारी धूळ तर याहून कपटी. काँक्रिटच्या धुळींतील सिलिका फुप्फुसांत जाऊन बसते व सिलिकोसिस नांवाचा असाध्य रोग करते. नाकास उपरणें गुंडाळून ती थांबत नाहीं. बारीक धूळ अडविणारा मुखवटा हवा, आणि यंत्रास धूळ ओढण्याची सोय असावी. पाणी शिंपडून घासल्यास पुढें जमीन पूर्ण सुकण्यास पुरेसे दिवस द्यावे. काम मजुराकडून करविलें तरी हातमोजे व मुखवटा देणें हें मालकाचें कर्तव्य आहे. त्याचा खर्च लेपाच्या एका डब्याहूनहि कमी येतो, आणि मजुरास पुढील वीस वर्षें त्याच हातांवर व छातीवर पोट भरावयाचें असतें.

सारांश

भाद्रपद-आश्विनांत प्लॅस्टिकची परीक्षा. ती उतरली तरच पुढचा विचार. मग भेगांची पाहणी, जागेची निवड, कोब्याची घासणी, कोपऱ्यांतील नमुना, आणि शेवटीं फेब्रुवारींत लेप. यांतील पहिली पायरी चुकली तर पुढच्या सर्व पायऱ्या उत्तम साधूनहि उपयोग नाहीं. ज्यांची जमीन परीक्षेस उतरणार नाहीं त्यांनीं वाईट वाटून घेऊं नये. साधा, स्वच्छ झाडलेला, भेगा बुजविलेला कोबा व त्यावर लाकडी फळ्या, एवढ्यानेंहि धान्य सुरक्षित राहतें. आणि वांचलेला पैसा घराभोंवतींचें पाणी काढण्यास लावला, तर पुढें एखाद्या वर्षीं तीच जमीन परीक्षेस उतरण्याचा संभव आहे.